मदत हवी आहे: इम्पेटिगोची (त्वचेचा, एकाकडून दुसऱ्याला होणारा जंतुसंसर्ग) खपली न रडवता कशी काढायची?
लेक ४ वर्षांचा. नाकाखाली आधी डास चावल्यासारखं वाटलं, दोन दिवसांत फोड फुटून मधासारखी पिवळी खपली धरली. डॉक्टर म्हणाले इम्पेटिगो. म्युपिरोसिन मलम दिवसातून ३ वेळा, ५ दिवस. आधी कोमट पाण्याने खपली भिजवून हलकेच काढायची. पण हात लावला की हा घर डोक्यावर घेतो! झोपेत लावलं तर मलम सकाळी उशीला. सासूबाई हळद लाव म्हणतात, मी ऐकलं नाही. टॉवेल, अभ्रा वेगळे केलेत, नखं कापलीत. धाकटी ८ महिन्यांची, आणि हा सारखा तिचे पापे घेतो. दोघांना लांब कसं ठेवलंत? आज तिसरा दिवस, हनुवटीवर नवा फोड दिसतोय. उद्या परत दाखवणारच आहे, तोवर खपली भिजवायची युक्ती सांगा ना.