सांगली ते मेलबर्न: नेटवर १२ तास, तिकिटावर २६! आई-बाबांसाठी कोणतं घेऊ?

विश्रामबागकर:
आई (६८) आणि बाबा (७२) डिसेंबरात पहिल्यांदाच ताईकडे मेलबर्नला निघालेत. नेटवर मुंबई–मेलबर्न सुमारे ९,८०० किमी, १२ तास दाखवतंय. तिकिटं बघितली तर सिंगापूरमार्गे १६ तास, दुबईमार्गे २६. दुबईवालं बरंच स्वस्त आहे. आईचे गुडघे, बाबांची शुगर. काय करू?

कृष्णाकाठ:
ते १२ तास म्हणजे मधे कुठं न टेकता. सिंगापूर जवळपास वाटेवरच आहे: मुंबईहून ३,९०० किमी, पुढं ६,०५० च्या आसपास. म्हणजे फेरा जेमतेम दीडशे किमीचा. दुबई उलट पश्चिमेला. १,९०० किमी मागं जायचं आणि तिथून ११,६०० पुढं. पुण्याला जायला आधी कोल्हापूर गाठल्यासारखं! शिवाय दुसरा टप्पा एका बैठकीत पावणेचौदा तासांचा. गुडघेवाल्या माणसाला नकोच.

विश्रामबागकर:
पण सिंगापूरवाल्याची वेळ बघून डोकं फिरलं. रात्री ११:३० ला निघून दुसऱ्या रात्री ९ ला पोच. हे साडेएकवीस तास झाले की!

कृष्णाकाठ:
घड्याळ तिथलं आहे ना. डिसेंबरात तिकडं उन्हाळी वेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढं. (एप्रिल ते सप्टेंबर साडेचार.) वजा करा, सोळाच राहतात. साडेपाच हवेत, तीन थांबा, साडेसात हवेत. बाबांच्या गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा मात्र डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

मिरजेची माहेरवाशीण:
दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. मी एकदा पैसे वाचवायला वेगवेगळी काढली, पहिलं विमान उशिरा आलं, दुसरं गेलं, नवं तिकीट खिशातून. व्हीलचेअर बुक करतानाच सांगा, दोघांसाठीही. आई "मला कशाला, मी काय म्हातारी आहे का" म्हणणारच, ऐकू नका. चांगीत (सिंगापूरच्या विमानतळावर) चालणं फार आहे.

पेठनाका:
सांगली–मुंबई कोण धरणार? पावणेचारशे किलोमीटर, ट्रॅव्हल्सनं आठ-नऊ तास. सिंगापूर–मेलबर्नपेक्षा जास्त! रात्रीच्या गाडीनं जाऊन दिवसभर विमानतळावर बसवू नका. आदल्या दिवशी मुंबईत कुणाकडं तरी मुक्काम करा.

विश्रामबागकर:
ठाण्यात मावशी आहे, तिच्याकडं ठेवतो. सिंगापूरचंच काढतो. आता आईनं भडंग, हळद, दोन किलो बेदाणा आणि कंदी पेढे काढून ठेवलेत.

मिरजेची माहेरवाशीण:
पेढे सातारकरांनाच खाऊ द्या, दुधाचं तिकडं चालत नाही. बाकी जे काही खायचं असेल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर "हो" करून सांगायचं. लपवलं तर दंड. माझा बेदाणा त्यांनी पिशवी उघडून बघितला, एक-दोन मणुके बोटांनी दाबले आणि परत दिला. पाकीटबंद घ्या, मोकळा नको.

विश्रामबागकर:
आईला सांगितलं. म्हणते, मग पेढे मुंबईपर्यंत तरी नेऊ, मावशीला होतील.