गोधडीवर नाव कसं टाकावं?

प्रश्न (लातूर): आईनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीय, नातीला द्यायचीय. मागं आईचं नाव, गाव, साल टाकावं म्हणतोय पण बॉलपेनची शाई धुण्यात पसरते, काय करावं?

उत्तर (परभणी): मांजरपाटाच्या तुकड्यावर कपड्याच्या पक्क्या मार्करनं लिहा, वाळलं की उलटीकडून गरम इस्त्री फिरवा आन् मग कडा दुमडून मागच्या कोपऱ्यात हेम घाला. पुढच्या गोधडीला थर शिवायच्या आधीच लावा, टाक्यात अडकलं की निघत नाही.

उत्तर (नांदेड): शाईपेक्षा दोऱ्यानं काढा की! आईलाच पेन्सिलीनं लिहू द्या, तिच्या अक्षरावरच टाके घ्या, दोरा मात्र रंग न जाणारा सुती. आन् लुगडी कुणाकुणाची होती तेबी लिहा.