मदत हवी आहे: कानाला अडकवायच्या हेडफोनची वायर जोडल्यावर गायकाचा आवाजच नाहीसा झाला आहे

नमस्कार मंडळी,

मी मिरजेला राहतो. बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली आणि तेव्हापासून पहाटे साडेचार ते सहा ही वेळ मी ख्याल ऐकण्यासाठी राखून ठेवली आहे. गेल्या आठवड्यात हा नेम मोडला, कारण ज्या हेडफोनवर मी ऐकतो तो दुरुस्तीनंतर फार विचित्र वाजू लागला आहे. दोष नेमका कळावा म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेडफोन कॉस कंपनीचा केएससी ७५ हा आहे. त्याला डोक्यावरची पट्टी नसते. वाकवता येणारी एकेक पकड प्रत्येक कानामागे अडकवायची आणि फोमची गोल गादी कानाच्या तोंडावर अलगद टेकू द्यायची, एवढीच त्याची रचना. १९५८ साली पहिला स्टिरिओ हेडफोन बाजारात आणणारी मिलवॉकीची ही कंपनी अनेकांना १९८४ पासून चालत आलेल्या पोर्टा प्रोमुळे माहीत असेल. केएससी ७५ हा त्याहूनही स्वस्त, अमेरिकेत वीस डॉलरच्या आसपास मिळणारा. भाच्याने आठ वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना आणला, तेव्हा एवढ्या हलक्या वस्तूत गाणे काय ऐकू येणार असे वाटून मी तो कितीतरी दिवस खणातच ठेवला होता.

माझे मत बदलले ते तंबोऱ्यामुळे. वडिलांनी सतारमेकर गल्लीतून करून घेतलेला तंबोरा घरात आहे. घोडीवरचा दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवून जवारी (तारेचा झंकार) लावणे मी लहानपणापासून करत आलो आहे, त्यामुळे तंबोरा समोर बसून कसा ऐकू येतो हे कानाला पक्के ठाऊक आहे. मुलाने मला याच्या दहापट किमतीचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घेऊन दिला होता. त्यात डग्गा भरदार वाजतो, पण तंबोरा मात्र गोधडीखाली ठेवून छेडल्यासारखा येतो. केएससी ७५ कानाला लावला त्या पहिल्याच पहाटे खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेतून आपोआप उमटणारा ग, म्हणजे स्वयंभू गंधार, मला स्वच्छ, सुटा ऐकू आला आणि मी चक्क मागे वळून कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे पाहिले.

याचे कारण मी माझ्या परीने शोधले आहे. काळी एक पट्टीत जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ७० च्या आसपास लागतो. खोक्यावर १५ ते २५,००० हर्ट्झ असे लिहिलेले असले तरी कान बंद न करणाऱ्या हेडफोनमधून ७० हर्ट्झचा मूळ नाद पुरता पोहोचत नाही, तो बाजूने निसटून जातो. मात्र जवारीदार तारेची खरी शोभा तिच्या वरच्या अंशस्वरांत, म्हणजे मूळ नादाच्या पटीत उमटणाऱ्या नादांत असते. गंधार त्या खर्जाच्या पाचपट, ३५० च्या जवळ बसतो. हे वरचे नाद स्पष्ट मिळाले की खालचा खर्ज कान स्वतःच भरून काढतो. या हेडफोनचे कंप पावून आवाज काढणारे पडदे हलके आणि टायटॅनियमचा लेप दिलेले आहेत, पाठीमागची बाजू मोकळी आहे, त्यामुळे तो भाग दबत नाही. एकट्या माणसाचा कंठ, तंबोरा, सारंगी यांसाठी इतक्या पैशांत यापेक्षा प्रामाणिक वस्तू मी ऐकलेली नाही.

दुसरे कारण घरगुती आहे आणि माझ्यासाठी तितकेच मोलाचे आहे. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, ती शेजारच्या खोलीत झोपते आणि तिने पहाटे हाक मारली तर ती मला ऐकू आलीच पाहिजे. बंदिस्त हेडफोनमध्ये ती ऐकू येत नाही. यात मात्र गाणे चालू असतानाही तिच्या पलंगाची करकर ऐकू येते.

आता अडचण. माझ्याच खुर्चीचा पाय वायरीवर आला आणि पिनेपाशी उजव्या बाजूची तार तुटली. कंपनी अमेरिकेतल्या ग्राहकांना आजीवन वॉरंटी देते, परंतु इथून तो पाठवण्याचा खर्च नव्या हेडफोनहून अधिक होईल. म्हणून गावातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नवी ३.५ मिलिमीटरची पिन बसवून घेतली. वायर कापली तेव्हा मी समोरच उभा होतो. आत केसासारख्या चार तारा निघाल्या, एक लाल, एक हिरवी आणि दोन तांब्याच्या रंगाच्या. त्या दोन्ही एकत्र पिळून पिनेच्या लांब पट्टीला सोल्डर केल्या.

घरी येऊन लावले तर दोन्ही कानांत आवाज येतो, पण गायक जणू मंडपाबाहेर जाऊन गातो आहे. तंबोरे दोन्ही बाजूंना स्पष्ट, पेटी थोडीशी, सभागृहाचा घुमारा भरपूर, आणि मुख्य कंठ व डग्गा जवळजवळ गायब. त्याहून चमत्कारिक म्हणजे जुन्या पिढीतले ख्यालगायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेली ध्वनिमुद्रणे लावली तर आवाज पूर्ण वाढवूनही केवळ पुसटशी खरखर येते. फोन तोच, गाणी तीच. मुलाचा हेडफोन वायरने लावला तर सगळे व्यवस्थित ऐकू येते.

फोमच्या गाद्याही आठ वर्षांत झिजून पातळ झाल्या आहेत, त्यामुळे डग्गा गेला असावा असे दुकानदाराचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण गाद्या पिन बदलण्याच्या आदल्या दिवशीही तशाच होत्या. पडदे खराब झाले असतील का? सोल्डर करताना उष्णता वायरीतून वर गेली असेल का? नवा मागवण्याआधी हा वाचवता आला तर मला फार समाधान वाटेल. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: षड्जपंचम

काका, नमस्कार. आपण जुन्या तबकड्यांचा उल्लेख केलात म्हणून निदान सोपे झाले. पडदे शाबूत आहेत, निश्चिंत असावे.

आपल्या पिनेला तीन भाग आहेत. टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्याचे आणि मागचा लांब भाग दोन्ही कानांचा सामाईक, ज्याला दुकानात ग्राउंड म्हणतात. आपल्या तांब्याच्या रंगाच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत, परंतु पिनेच्या त्या लांब पट्टीला चिकटलेल्या नाहीत. अशा वेळी परतीची वाट न उरल्यामुळे प्रवाह डाव्या पडद्यातून थेट उजव्या पडद्यात जातो आणि दोन्ही कानांत केवळ डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. जे दोन्हीकडे सारखे आहे ते वजा होऊन जाते. आजच्या मुद्रणात गायक आणि डग्गा मधोमध ठेवलेले असतात, म्हणून ते गेले. तंबोरे बाजूंना असतात, ते राहिले. खाँसाहेबांच्या काळी मुद्रण एकाच वाहिनीचे होते, तिथे डावे आणि उजवे एकच, म्हणून बाकी जवळपास शून्य. आपल्याला ऐकू येणारी खरखर ही दोन बाजूंमधल्या किरकोळ फरकाची आहे.

आधी एक साधी गोष्ट पाहावी. फोनच्या जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत जात नसेल तरी नेमके असेच होते. कव्हर काढून पाहा. तेवढ्याने सुटले नाही तर सोल्डरच पाहायला हवे. पिनेची ती पट्टी जाडजूड धातूची असते आणि लहान सोल्डरिंग इस्त्रीने ती पुरेशी तापत नाही, मग वरून गोळा चकचकीत दिसला तरी आतून ड्राय सोल्डर, म्हणजे न चिकटलेला कच्चा जोड राहतो. शिवाय त्या तांब्याच्या रंगाच्या तारा उघड्या दिसतात पण उघड्या नसतात. त्यांच्यावर पारदर्शक वार्निश असते. तारेचे टोक इस्त्रीच्या ताज्या सोल्डरमध्ये काही क्षण बुडवून धरावे. धूर निघून तार चंदेरी झाली की वार्निश जळाले असे समजावे. त्याआधी लावलेला डाग धरत नाही.

काम झाल्यावर मल्टिमीटरने तपासून घ्या. या हेडफोनची नोंदवलेला विद्युत अवरोध (इम्पीडन्स) ६० ओहम आहे. टोक आणि लांब भाग यांच्यात ६० च्या जवळ आकडा यावा, मधले कडे आणि लांब भाग यांच्यातही तसाच. आत्ता मोजलेत तर तिथे काहीच येणार नाही, मात्र टोक आणि कडे यांच्यात १२० च्या आसपास दिसेल. दुकानदारालाही हे दाखवावे, म्हणजे वाद उरत नाही.

गाद्यांविषयी थोडक्यात सांगतो. गादी झिजली की पडदा कानाच्या अधिक जवळ येतो, त्याने खालचे नाद कमी न होता उलट थोडे वाढतात. डग्गा आणखी हवा असेल तर गाणे चालू ठेवून कानावरच्या दोन्ही चकत्या बोटाने हलकेच दाबून पाहा, मींडेचा घुमारा लगेच पुढे येतो. तेवढाच दाब कायम राहील अशी पकड हाताने किंचित आत वाकवावी. चष्म्याची काडी मध्ये येत असेल तर चकत्या पकडीतून सुट्या करून डोक्यावरच्या पट्टीला बसवणारेही बरेच लोक आहेत.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

षड्जपंचम, आपले आभार कोणत्या शब्दांत मानू? काल संध्याकाळी कव्हर काढून पाहिले, फरक पडला नाही. मग भाच्याचा जुना मल्टिमीटर शोधून काढला. टोक आणि लांब भाग यांच्यात काहीही नाही, टोक आणि कडे यांच्यात ११८. आपण सांगितल्याच्या इतके जवळ! आज सकाळी दुकानात गेलो. दुकानदार तरुण आणि समजूतदार आहे, त्याने आकडे पाहिले आणि स्वतःच सगळे उकलले. चिमट्याने नुसते ओढताच तांब्याच्या रंगाच्या दोन्ही तारा पट्टीवरून जशाच्या तशा सुटून आल्या, त्यांची एकमेकींशी बसलेली गाठ मात्र घट्ट होती. त्याने मोठी इस्त्री घेतली, तारा चंदेरी होईपर्यंत सोल्डरमध्ये धरल्या, पट्टी कानसेने घासून मग डाग दिला. आता दोन्हीकडे ५९ येतात. पैसे त्याने घेतले नाहीत.

दुकानातच खाँसाहेबांची तबकडी लावली. सुरुवातीची खरखर आली आणि मग तो पातळ, टोकदार स्वर बरोबर कपाळाच्या मध्यावर येऊन उभा राहिला. एक कान त्या दुकानदार मुलालाही दिला. पकड आज रात्री आपण म्हणता तशी थोडी आत वाकवून बघतो आणि उद्या पहाटे डग्ग्याचे काय झाले ते इथेच कळवतो.