‘बायस’ला मराठीत काय म्हणावं? निमित्त अ‍ॅन बोलिनची चरित्रं

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची दुसरी राणी अ‍ॅन बोलिन हिच्या चरित्रांवर बोलायचं आहे. विषय आहे चरित्रकारांचा ‘बायस’. टिपण लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले. आधी ‘पूर्वग्रह’ लिहिलं आणि खोडलं. मग ‘पक्षपात’ लिहिलं, तेही खोडलं. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण दोन्ही वेगळ्याच माणसांबद्दल बोलतात असं वाटलं.

ज्यांनी हा काळ वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेन्रीला पहिली राणी कॅथरीन हिला सोडून अ‍ॅनशी लग्न करायचं होतं आणि पोप परवानगी देईना. शेवटी १५३३ मध्ये इंग्लंडच्या आर्चबिशपने पहिलं लग्न रद्दबातल ठरवलं. १ जून १५३३ ला अ‍ॅनला राज्याभिषेक झाला, ७ सप्टेंबरला मुलगी झाली, तीच पुढची एलिझाबेथ. तीन वर्षांच्या आत, १९ मे १५३६ ला, व्यभिचार आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली अ‍ॅनचा शिरच्छेद झाला. पाच पुरुष तिच्या आधी दोन दिवस मारले गेले, त्यात तिचा सख्खा भाऊ होता.

तेव्हापासून तिच्यावर लिहिलं जातंय. आपल्या भाषेत ‘चरित्र’ आणि ‘चारित्र्य’ हे दोन शब्द वेगळे आहेत. अ‍ॅनच्या बाबतीत मात्र चरित्र लिहायला बसलेला जो तो आधी चारित्र्याचाच दाखला मागतो.

आता माझी अडचण. तिच्याबद्दलची सगळ्यात भरगच्च माहिती येते ती शाप्वी याच्या पत्रांतून. हा पाचव्या चार्ल्स बादशहाचा लंडनमधला दूत, १५२९ साली आलेला. चार्ल्स हा कॅथरीनचा सख्खा भाचा. पेशवाईत परदरबारी राहणाऱ्या अशा माणसाला ‘वकील’ म्हणत आणि हा शब्द शाप्वीला चपखल बसतो, कारण तो कायदा शिकलेलाही होता. कॅथरीनची बाजू लढवणं हे त्याचं कामच होतं. मग त्याला ‘पक्षपाती’ कसं म्हणायचं? पक्षपात न्यायाधीशाने केला तर दोष. वकिलाने पक्ष घेतला नाही तर तो वकील कसला? दोष असेल तर तो त्याची पत्रं पंचनाम्यासारखी वाचणाऱ्या पुढच्या चरित्रकारांचा. त्यांच्या या चुकीला काय म्हणावं?

प्रतिसाद १

ताई, ‘पूर्वग्रह’ एवढ्या लवकर खोडू नका. ‘माझ्याविषयी भलता ग्रह करून घेऊ नकोस’ असं आपण म्हणतो, तोच हा ग्रह. पुरावा पाहण्याच्या आधी झालेला, म्हणून पूर्व. तुम्ही सांगता त्या चरित्रकारांना तो शब्द लागू पडतो. पण जो माणूस जाणूनबुजून वाईटच लिहितो त्याला ‘पूर्वग्रहदूषित’ म्हणणं म्हणजे त्याला सूट देण्यासारखं आहे. तिथे आपला रोजचा शब्द आहे: आकस.

मूळ धागा लिहिणारी

‘आकस’! हा कसा सुचला नाही मला? आणि तो ज्याला लावायचा तो माणूसही तयार आहे.

निकोलस सँडर हा कॅथलिक धर्मगुरू. एलिझाबेथच्या राज्यात देश सोडून गेलेला. इंग्लंडमधल्या धर्मफुटीवरचं त्याचं लॅटिन पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५८५ मध्ये छापलं गेलं. अ‍ॅनला उजव्या हाताला सहा बोटं होती, वरच्या ओठाखालून दात पुढे आलेला होता, हनुवटीखाली आवाळू होतं, रंग कावीळ झाल्यासारखा होता, हे सगळं त्याच्या या पुस्तकात आहे. अ‍ॅन गेली तेव्हा सँडर जेमतेम सहा वर्षांचा होता. अ‍ॅन ही हेन्रीचीच मुलगी होती, असंही त्याने लिहून ठेवलंय! एलिझाबेथचं राजेपद नासवायचं तर तिच्या आईचं शरीर आणि जन्म नासवणं हा सोपा रस्ता होता.

आकस कसा काम करतो ते एका उदाहरणात दिसतं. २९ जानेवारी १५३६ ला अ‍ॅनचा गर्भपात झाला. शाप्वीने दहा-बारा दिवसांतच बादशहाला कळवलं की गर्भ साडेतीन महिन्यांचा होता आणि मुलगा असावा असं दिसत होतं. तिचा एवढा विरोधक, पण गर्भात काही व्यंग असल्याचा एक शब्द त्याच्या पत्रात नाही. तसं काही त्याच्या कानावर आलं असतं तर ते त्याने ठळक करून लिहिलं असतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी सँडर लिहितो की तो मांसाचा बेढब गोळा होता. आणि विसाव्या शतकात या गोळ्यावर गर्भातल्या व्यंगाचा आणि चेटकाच्या संशयाचा एक अख्खा तर्क उभा राहिला. तो मांडणाऱ्या अभ्यासकाच्या मनात अ‍ॅनविषयी आकस मुळीच नव्हता, उलट तिच्यावरचे व्यभिचाराचे आरोप त्या अभ्यासात खोटेच धरले आहेत. एकाचा आकस असा दुसऱ्याच्या लिखाणात पुरावा म्हणून जाऊन बसतो. मला या उतरत जाण्याला शब्द हवाय.

प्रतिसाद २

बाजू घेणाऱ्यांचं काय? त्यांनाही नाव हवं.

मूळ धागा लिहिणारी

हवंच. जॉन फॉक्सने १५६३ मध्ये प्रॉटेस्टंट हुतात्म्यांची जी थोरली बखर छापली, तिच्यात अ‍ॅन दानशूर, धर्मनिष्ठ, बायबल हाती धरलेली राणी आहे. गादीवर तिची मुलगी बसलेली. ‘झुकतं माप’ म्हणता येईल, पण मला ते अपुरं वाटतं. झुकतं माप देणाऱ्याला तराजू दिसत असतो, तो जाणून चार दाणे जास्त टाकतो. फॉक्सला तराजूच दिसत नव्हता. आपलं मत हेच सत्य, असं त्याच्या मनाने घट्ट धरलेलं होतं. त्याला ‘अभिनिवेश’ म्हणावं का?

प्रतिसाद ३

‘अभिनिवेश’ अगदी नेमका. योगसूत्रांतल्या पाच क्लेशांत तो जिवाला धरून बसण्याची ओढ म्हणून येतो. मराठीत तो मताला धरून बसण्यासाठी रुळला. ‘अभिनिवेशाने बोलणे’ यात लबाडी नाही, आवेश आहे.

एक प्रश्न माझाही. शाप्वीच्या पत्रांत अ‍ॅनसाठी ‘कॉन्क्युबाइन’ हा शब्द सतत येतो ना? मी भाषांतरं करते. असा शब्द आला की माझा हात थांबतो. रखेल, उपपत्नी, अंगवस्त्र, नाटकशाळा, राख. यातला कुठला घ्यायचा?

मूळ धागा लिहिणारी

हा प्रश्न मला ‘बायस’पेक्षाही महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाप्वीच्या दृष्टीने तो शब्द कायद्याचा होता. पोपने पहिलं लग्न मोडलेलं नाही, म्हणजे राणी एकच, कॅथरीन. दुसरी जी आहे ती पत्नी नव्हे. अर्थात त्या शब्दात तिरस्कारही काठोकाठ भरलेला आहे. १८ एप्रिल १५३६ ला ग्रिनिचच्या राजवाड्यातल्या प्रार्थनागृहात तो अ‍ॅनसमोर पहिल्यांदा झुकला, दरबारातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. त्याच प्रसंगाचं पत्र लिहिताना, आपल्याला आत घेऊन गेलेल्या माणसाची ओळख तो देतो ती ‘त्या कॉन्क्युबाइनचा भाऊ’ अशी. मान झुकली तरी लेखणी झुकली नाही.

आता मराठी शब्द. ‘नाटकशाळा’ घेतला की वाचक शनिवारवाड्यात पोचतो, लंडनमध्ये राहत नाही. ‘अंगवस्त्र’मध्ये ती बाळगणाऱ्या पुरुषाची मिजास आहे, बाईचं काही नाही. ‘राख’ आजच्या वाचकाला कळायचा नाही. ‘उपपत्नी’ तिला घरात एक जागा देतो, शाप्वीला नेमकी तीच नाकारायची होती. उरतो ‘रखेल’. कडवट आहे, पण शाप्वीच्या तोंडी तोच शोभतो. माझी अट एकच: तो शब्द शाप्वीच्या तोंडीच राहावा. ‘शाप्वी तिला रखेल म्हणतो’ हे भाषांतर झालं. ‘राजाच्या या रखेलीने दरबारात आपलं बस्तान बसवलं’ असं चरित्रकाराने स्वतःच्या वाक्यात लिहिलं, की बायस तिथे मुक्कामालाच आला म्हणायचा.

मला यात मनापासून टोचतं ते वेगळंच. हेन्रीची तिला लिहिलेली 17 पत्रं आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. एका पत्रात तो म्हणतो की तू माझी एकमेव प्रेयसी व्हायला तयार असशील तर इतर सगळ्यांना मी मनातून काढून टाकीन. ती त्याला तयार झाली नाही. पुढे कित्येक वर्षं प्रकरण लांबलं. रखेल व्हायला जिने नकार दिला तिच्यासाठीच हा शब्द जगभर वाचला गेला. आणि तिची उत्तरं? एकही उरलेलं नाही.

प्रतिसाद ४

मग तुम्हाला हवा तो शब्द कोर्टातून घ्या. एका बाजूचे कागद समोर आहेत, दुसरी बाजू हजरच नाही, अशा निकालाला आम्ही ‘एकतर्फी’ म्हणतो. यात लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याचा प्रश्नच येत नाही.

तिच्या खटल्यात पुरावा कितपत होता हेही सांगा.

मूळ धागा लिहिणारी

‘एकतर्फी’ घेतला! आकस, अभिनिवेश आणि पूर्वग्रह माणसाच्या मनात असतात. हा कागदांतच आहे. चरित्रकार कितीही सरळ मनाचा असला तरी त्याच्या हाती आलेला दस्तऐवजच एका बाजूला जड आहे. मूळ इंग्रजी शब्दही असाच. तिकडे बोल्स नावाचा खेळ आहे, त्यातला गोळा सरळ सोडला तरी वळतो, आणि त्या वळण्याला सोळाव्या शतकापासून ‘बायस’ म्हणतात. गोळ्याच्या मनात काही नसतं, घडणच तशी. म्हणून साध्या अर्थाने मी ‘कल’ वापरणार आहे.

पुराव्याबद्दल. आरोपपत्रात तारखा आणि ठिकाणं दिलेली आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ टिकत नाहीत. एक आरोप असा की ६ ऑक्टोबर १५३३ ला वेस्टमिन्स्टरमध्ये तिने नॉरिस या सरदाराला नादी लावलं. एलिझाबेथचा जन्म ७ सप्टेंबरचा, ग्रिनिचला. म्हणजे सव्वा महिनाही न झालेली ओली बाळंतीण. ती तेव्हा ग्रिनिचच्याच राजवाड्यात होती. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हा आरोप तारीख ऐकताच फेटाळला असता.

आणि शाप्वी? मारल्या गेलेल्या पुरुषांपैकी एकट्या स्मीटनने कबुली दिली होती. बाकीच्यांना नुसत्या अनुमानावर, धड पुरावा वा कबुली नसताना दोषी ठरवलं, असं शाप्वीनेच बादशहाला कळवलं. तिला आयुष्यभर रखेल म्हणणाऱ्या माणसाची ही साक्ष मला फॉक्सच्या शंभर पानांपेक्षा मोलाची वाटते. ज्याचा कल उघड आहे त्याच्या कलाविरुद्ध गेलेलं वाक्य सगळ्यात आधी उचलावं.

प्रतिसाद ५

तिने राजावर जादूटोणा केला हा आरोप होता, असं मी नेहमी वाचलंय.

मूळ धागा लिहिणारी

आरोपपत्रात तो नाही. शाप्वीच्या एका पत्रात राजाचे उद्गार ऐकीव म्हणून येतात, त्यात मंत्रतंत्र, भुलवणं अशा अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. मराठीत ‘मोहिनी घातली’ म्हटलं की दोन्ही अर्थ शिल्लक राहतात. ‘चेटूक केलं’ म्हटलं की एक मेला. म्हणून मोहिनीच.

प्रतिसाद ३

मला आणखी एक क्रियापद द्या. तिला कैदेत ठेवलं होतं त्या लंडनच्या टॉवरच्या किल्लेदाराने, किंग्स्टनने, तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलेली पत्रं आहेत ना? त्यात ती हसते.

मूळ धागा लिहिणारी

हो. ती पत्रं ज्या संग्रहात होती तिथे १७३१ मध्ये लागलेल्या आगीत त्यांच्या कडा जळाल्यात, पण हा मजकूर वाचलाय. मारेकरी कामात फार तरबेज आहे असं ऐकलं आणि माझी मान तर एवढीशी, असं म्हणून तिने गळ्याला हात लावला आणि ती मनापासून हसली, असं तो लिहितो. इथे चरित्रकारांच्या वाटा फुटतात. कुणी ते भ्रमिष्टाचं हसणं करतात, कुणी धीराचं. मराठीत हा धोका जास्तच, कारण आपल्याकडे नुसतं हसणं क्वचितच असतं. खदखदून, खिदळून, खुदकन, विषण्ण, वेड्यासारखं. यातलं एक निवडलं की तिचा निकाल लागला.

मी काल रात्री टिपणात ‘खळखळून हसली’ लिहिलं होतं. आज सकाळी ‘खळखळून’ काढलं आणि किंग्स्टनचंच ‘मनापासून’ ठेवलं. त्या खोलीत तो होता, मी नव्हते.