रोटाला मॅक्रान्ड्राचे शेंडे बारीक होतायत, काय चुकतंय?

लालपान:
मंडळी, दीड महिना झाला मॅक्रान्ड्रा (लाल पानांची पाणवनस्पती) लावून. माशांचा टँक ६० लिटरचा, खाली अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची माती), लाइट ८ तास, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस सोडतो आणि ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यात गॅस किती ते रंगावरून दाखवणारी कुपी, दिवसभर मस्त हिरवा असतो. सुरुवातीला पानं गळून लगदा झाला, ते होतंच म्हणे म्हणून गप्प बसलो, पण आता जे नवीन शेंडे येतायत ते तांदळाच्या दाण्याएवढे आणि मुरडलेले. आयर्न दुप्पट केलं तर काचेवर हिरवा थर चढला, झाड मात्र तसंच. बाजूला रोटाला रोटुंडिफोलिया तणासारखी माजलीय! केएच (पाण्यातले कार्बोनेट क्षार) २, टेंपरेचर २५. अजून कुठलं खत कमी पडतंय?

बुडबुडे:
खताला हातच लावू नका आता. ड्रॉप चेकरमध्ये पाणी कुठलं भरलंय?

लालपान:
टँकचंच, वर इंडिकेटरचे थेंब. का हो?

बुडबुडे:
मग तिथेच घोळ आहे. हिरवा म्हणजे ३० पीपीएम गॅस हे गणित ४ केएचच्या तयार पाण्याचं. तुमचं केएच २, म्हणजे त्याच हिरव्या रंगाला जेमतेम १५. रोटुंडिफोलिया तेवढ्यात भागवते, मॅक्रान्ड्राचे नखरे वेगळे. आणि चेकर तास-दोन तासांपूर्वीचा गॅस दाखवतो, त्यामुळे गॅस लाइटच्या दोन तास आधी सुरू करा. गॅसचे बबल्स मात्र एकदम वाढवू नका, रोज थोडे थोडे, मासे वर येऊन धापा टाकायला लागले की लगेच कमी.

कात्रीवाला:
वरच्याशी सहमत. पाण्याचा फ्लो पण बघा, पानं हलतायत का? माझ्याकडे डिफ्युझरचे (गॅस बारीक करून पाण्यात सोडणारी चकती) बुडबुडे सरळ वर जाऊन फुटायचे आणि कोपऱ्यातल्या झाडापर्यंत काही पोचायचंच नाही. आणि मुरडलेली पानं सरळ होणार नाहीत, वाट बघू नका, चांगले शेंडे आले की ते कापून पुन्हा लावा. देठ फार नाजूक असतो हां, मी चिमट्याने जरा जोरात धरला आणि दोन दिवसांत तिथूनच काळा पडून अख्खी काडी वर तरंगायला लागली.

लालपान:
४ केएचचं पाणी भरून तीन तास थांबलो. निळा, म्हणजे गॅस कमीच! हिरवा सोडा, हिरवट पण नाही 😅 आयर्न परत पूर्वीएवढं केलंय, गॅसचा टायमर लाइटच्या दोन तास आधीचा लावलाय. आता टँकसमोर खुर्ची टाकून मासे मोजत बसलोय.