सीओपीडीच्या रुग्णाची रात्र: प्रश्न फक्त छातीचा की मनाचाही?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

माझ्या वडिलांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घ आजार. वय ७३, सारी नोकरी कापडगिरणीत गेली आणि विडी सुटूनही १२ वर्षे झाली. गेल्या जानेवारीच्या थंडीत ते पहाटे चारच्या सुमारास पलंगाच्या काठावर उठून बसलेले दिसत, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवलेले आणि खांदे वर ओढलेले. दम लागून जाग येत असेल, असे मी धरून चाललो होतो. एका रात्री शेजारी जाऊन बसलो, तेव्हा श्वास बऱ्यापैकी संथ होता आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९३ आकडा होता. तरीही त्यांचा हात घडोघडी उशीखाली जाऊन औषध ओढायचा पंप जागेवर आहे ना, हे चाचपत होता. “झोपेतच श्वास राहिला तर?” एवढेच ते म्हणाले. चार वर्षांच्या तपासण्यांत त्यांना रात्रीविषयी कोणी विचारले नव्हते, आणि मीही नाही. माझे मत असे आहे की या आजारात झोप आणि भीती-उदासी यांची चौकशी छातीच्या दवाखान्यातच, दर तपासणीला, व्हायला हवी. आपल्याला काय वाटते?

कंपूकर (निवृत्त औषधविक्रेता)

आपल्या वडिलांविषयी पूर्ण आस्था बाळगूनही मी असहमत आहे. रात्र बिघडते ती मुळात फुप्फुसांमुळे. स्वप्ने पडतात त्या झोपेत बरगड्यांमधले स्नायू सैल पडतात, श्वास उथळ होतो, ऑक्सिजन उतरतो. त्यातच पहाटे श्वासनलिका सर्वाधिक आक्रसलेल्या असतात. पंप ओढण्याची पद्धत चुकत असेल, थिओफिलिन (श्वासनलिका सैल करणारे औषध) किंवा स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी उशिरा घेतली जात असेल, तर झोप उडणारच. आधी हे दुरुस्त करावे. एकदा ‘मन’ हा शब्द निघाला की पुढची चिठ्ठी झोपेच्या गोळीची असते, हे मी दुकानात बसून ३० वर्षे पाहिले आहे. डायझेपामच्या वर्गातल्या गोळ्या श्वासाची प्रेरणाच मंद करतात, आणि ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांच्या जिवावर त्या बेतू शकतात. शिवाय थकवा, भूक मंदावणे, झोपमोड ही सारी फुप्फुसाच्या रोगाचीच लक्षणे आहेत. त्यांवरून नैराश्य कसे ठरवणार? झोपेची प्रत मोजणारी १९८९ची पिट्सबर्ग प्रश्नावली पाहा: रात्री खोकला येतो का, नीट श्वास घेता येतो का, हे तिच्यातच विचारलेले आहे. २१ पैकी ५च्या वर गुण म्हणजे झोप वाईट, असा तिचा हिशेब. सीओपीडीचा रुग्ण ५च्या वर जाणार नाही तर कोण जाणार?

मुरारची सून

माझ्या सासूबाईंनी विडीला कधी हात लावला नाही. चुलीपुढे फुंकणी घेऊन ४० वर्षे गेली आणि त्या धुरानेच हा आजार दिला. लष्करवासी, आपला हेतू चांगला आहे, पण घरात काय घडते ते सांगते. एका डॉक्टरांनी सर्वांसमोर “थोडी घबराटही आहे” असे म्हटले, आणि त्या दिवसापासून नातेवाईकांना त्यांचा दम खोटा वाटू लागला. दिवाळीत त्यांना धाप लागली तेव्हा “मनाचे खेळ आहेत, पाणी पाजा” म्हणत नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) लावायला अर्धा तास उशीर झाला. त्यांचे ओठ निळसर पडलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे विचारायचेच असेल तर कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत, हे आधी ठरले पाहिजे.

लष्करवासी

वहिनी, आपले म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो; माझ्या मांडणीत ते राहून गेले होते.

कंपूकर, झोपेच्या गोळीबाबत आपल्यात वाद नाही. लक्षणे एकमेकांत मिसळतात हेही खरे, पण त्याच अडचणीसाठी १९८३मध्ये १४ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली, सात चिंतेचे आणि सात उदासीचे. थकवा, झोप, भूक तिने मुद्दाम वगळली आहे, कारण ती शरीराने आजारी असलेल्या माणसांसाठीच बेतलेली आहे. ‘आधी फुप्फुस, मग मन’ हा क्रम मात्र मला पटत नाही. अरुंद नळ्यांतून हवा बाहेर पडायला वेळ लागतो. भीतीने श्वास जलद झाला की आधीची हवा पुरती निघण्याआधीच पुढचा श्वास आत येतो, छाती फुगलेलीच राहते आणि धाप खरोखर वाढते. भीतीने वाढलेली ती धाप खोटी नसते. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला वडिलांना शिकवले, तेव्हापासून पहाटे ते दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा आडवे होतात. पंप तोच आहे आणि मात्राही तीच.

कंपूकर

प्रश्नावलीबद्दलचा मुद्दा मान्य. पण छातीच्या ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. भीती विचारली आणि पुढे कुठे पाठवायचे हेच ठाऊक नसले, तर त्या माणसाला उघडे पाडून परत धाडल्यासारखे होईल. श्वसन-पुनर्वसनाच्या वर्गांत व्यायाम आणि श्वासाचे शिक्षण एकत्र मिळते, त्याने दम आणि उदासी दोन्ही हलकी होतात. मागणी करायची तर त्या वर्गांची करावी.

मुरारची सून

वर्ग होतील तेव्हा होवोत. काल रात्री खोलीत दुसरे कोणी नसताना मी सासूबाईंना विचारले, “आई, रात्री कशाची काळजी वाटते?” त्यांनी ऑक्सिजनच्या यंत्राकडे बोट दाखवले. वीज गेली तर ते बंद पडेल, म्हणून त्या त्याच्या आवाजाकडे कान लावून जाग्या राहतात. भरलेले सिलिंडर शेजारच्या खोलीत चादरीखाली ठेवलेले होते, हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते. आज ते त्यांच्या खाटेजवळ आणून उभे केले आहे, आणि त्याची चावी कशी फिरवायची ते त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतले.