‘चालीवर’, ‘बेतलेली’ आणि ‘उचललेली’

संगीत नाटकातले एखादे पद दुसऱ्याच कुठल्या गाण्यासारखे वाटले, की ‘ही चाल उचललेली आहे’ असे हल्ली सर्रास म्हटले जाते. या एका शब्दाखाली निदान तीन-चार निरनिराळ्या गोष्टी झाकल्या जातात. त्या प्रत्येकीसाठी मराठीत नेमके शब्द असताना ते मागे पडावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

‘चाल’ हे ‘चालणे’ या क्रियापदावरून आलेले नाम आहे. घोड्याची चाल, बुद्धिबळातली चाल, जुन्या चालीचा माणूस आणि शत्रूवर केलेली चाल हे सगळे अर्थ त्यातूनच निघतात. गाण्याची चाल म्हणजे शब्दांनी चालायची रीत, आणि रीत ही एकाच माणसाच्या मालकीची असतेच असे नाही. साकी, दिंडी, कामदा, ओवी या छंदांना ज्याची त्याची चाल असते. दिंडीच्या चालीत कोणीही नवे शब्द म्हटले, तरी त्याला कोणी दोष देत नाही, कारण ती चाल त्या छंदाचीच असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांत साक्या, दिंड्या, कीर्तनातल्या आणि लावणीच्या चाली, शिवाय कानडी मुलखातल्या चालीही वापरल्या. समोरच्या प्रेक्षकांच्या कानांना त्यातल्या कितीतरी आधीच ओळखीच्या होत्या, आणि पद चटकन तोंडी बसायला त्या ओळखीची मदतच झाली असणार.

‘चालीवर’ हा शब्द नीट समजायचा असेल, तर नाटकाचे जुने छापील पुस्तक उघडावे. आमच्या घरी आजोबांच्या वेळचे, पुठ्ठा गेलेले असे एक पुस्तक आहे. त्यात पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात आधी राग, मग ताल आणि त्यापुढे ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले आहेत. म्हणजे मूळ कोणते, ते पद सुरू होण्याआधीच सांगितलेले आहे. असे पद ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ आहे एवढेच म्हणावे. ज्याने नाव छापून ठेवले, त्याने उचलले असे म्हणणे हा अन्याय आहे. लंडनमध्ये १७२८ साली रंगभूमीवर आलेल्या जॉन गे यांच्या ‘द बेगर्स ऑपेरा’च्या पुस्तकातही प्रत्येक गीतावर मूळ लोकप्रिय चालीचे नाव असेच छापलेले होते.

‘चाल लावणे’ आणि ‘चालीवर लिहिणे’ यांतही गल्लत होते. चाल लावताना शब्द आधी तयार असतात. चालीवर लिहिताना सूर आधी असतात आणि कवी त्यांत शब्द बसवतो. अशा वेळी सूर जिथे लांबतो तिथे दीर्घ अक्षर पाडावे लागते, आणि कधी कधी शब्द मध्येच तुटतो. पद ऐकताना असा तुटलेला शब्द कानाला खटकला, की तो बहुधा आधीच्या चालीचा माग असतो.

‘बेतणे’ हा शब्द शिंप्याच्या कामातला आहे. कापड तेच, पण ते समोरच्या अंगाच्या मापाने कापायचे. ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकासाठी गायक भास्करबुवा बखले यांनी शास्त्रीय गायनातल्या ख्यालाच्या बंदिशींवरून, म्हणजे बांधलेल्या रचनांवरून, पदे बांधली. तिथे बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ) राहिला, पण विस्तार नाटकातल्या प्रसंगाला आणि गाणाऱ्या नटाच्या गळ्याला जमेल असा झाला, म्हणून अशा पदाला ‘चिजेवर’ (चीज म्हणजे बंदिशच) ‘बेतलेले’ म्हणणे मला सर्वांत योग्य वाटते.

यापुढची गल्लत रागामुळे होते. यमनातली किती तरी गाणी ‘नी रे ग’ अशी उठतात, कारण त्या रागात चढताना षड्ज (सा) आणि पंचम (प) पुष्कळदा वगळले जातात. तेवढ्यावरून दोन गाण्यांची चाल एक ठरत नाही. ती ‘एकाच रागातली’ आहेत, इतकेच म्हणता येते. चाल खरोखर तीच आहे का, हे पाहायचे असेल तर पेटी पुढे घ्यावी आणि हाताने ताल धरून दोन्ही मुखडे एकापाठोपाठ म्हणावेत. त्रितालाच्या सोळा मात्रांत मुखडा कितव्या मात्रेवर उचलला जातो, सम (तालाची पहिली मात्रा) कोणत्या सुरावर पडते आणि ओळीतली थांबण्याची जागा कुठे आहे, या तीनही गोष्टी जुळल्या तरच चाल तीच आहे असे म्हणावे. (मुखडा ‘उचलणे’ हा गवयांचा वेगळा आणि निर्दोष अर्थ आहे, त्याचा इथे घोळ होऊ देऊ नये.)

मग ‘उचललेली’ कधी म्हणायचे? मूळ ओळखता येते, ते कुठे सांगितलेले नाही आणि चाल स्वतःची म्हणून पुढे केली आहे, अशा वेळी. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या ‘हॅलो, डॉली!’ (१९६४) या नाटकाचे शीर्षकगीत ‘सनफ्लॉवर’ या १९४८ सालच्या गाण्यासारखे आहे, असा दावा न्यायालयात गेला आणि तडजोडीने मिटला. ‘किस्मत’ (१९५३) या संगीतिकेची गाणी मात्र बोरोदिन या रशियन संगीतकाराच्या रचनांवर उघडपणे बांधली होती आणि त्याचे नावही दिले होते. पहिल्यासारख्या प्रकरणात ‘उचलली का?’ असा प्रश्न तरी विचारता येतो. दुसऱ्यासाठी ‘बेतलेली’ हाच शब्द आहे.

उरतात ती पदे, ज्यांत एखाद्या अंतऱ्यापुरती दुसरीच चीज आठवते आणि पुढच्या ओळीला ती निसटून जाते. त्यांच्यासाठी ‘छाया’ हा शब्द आपल्याकडे आहे. ‘या पदावर त्या चिजेची छाया आहे’ असे म्हटले, की साम्याची नोंद होते आणि रचनाकाराच्या हेतूविषयी काहीच बोलले जात नाही.